मार्क्विस माकड

एका जंगलाच्या अगदी टोकाला, झाडी संपून माळ सुरू होतो तिथे, उंच सावरीवर एक माकड राहत असे. माळावरून रानकुत्री येताना दिसली की ते शेंड्यावरून ‘खॉक! खॉक!’ असे ओरडे, आणि खाली चरणारी हरणी पाडसाला घेऊन झाडीत पसार होई. त्याच्या भरवशावरच ती निर्धास्त चरत असे. माकडाला मात्र एक सल होता. दरबार भरायचा जंगलाच्या मध्यावर, आणि तिथे त्याला कुणी ओळखतही नव्हते.

एकदा इंग्रज साहेबाच्या बंगल्यातला पोपट पिंजऱ्यातून निसटून जंगलात आला. तो सिंहाला म्हणाला, “महाराज, विलायतेत सरदारांच्या पाच पायऱ्या असतात. सर्वांत वर ड्यूक, मग मार्क्विस, मग अर्ल, मग व्हायकाउंट आणि शेवटी बॅरन.” सिंहाला हे भलतेच आवडले. त्याने लगेच किताब वाटायला काढले. आणि मुलांनो, कसे वाटले म्हणता? चक्क नावाच्या उच्चारावरून! रानडुक्कर छाती फुगवून म्हणाले, “ड्यूक हे तर डुकराचंच मानाचं नाव!” झाले, ते ड्यूक बनले. अस्वल अर्ल झाले, बारशिंगा बॅरन. व्हायकाउंट कुणाच्याच नावाशी जुळेना, म्हणून ती पायरी रिकामी राहिली. मार्क्विस मात्र माकडाच्या पदरात पडले. दुसऱ्या नंबरचा मान! माकडाने त्याच दिवशी सावरी सोडली आणि सिंहाजवळच्या शिळेवर बैठक मारली.

काही दिवसांनी हरणी त्याला शोधत आली. “माकडभाऊ, परत कधी येणार? माझा जीव टांगणीला लागलाय. पाडसाला अजून नीट पळता येत नाही.”

“मार्क्विस म्हण,” माकड म्हणाले. “आणि एवढ्या मोठ्या मानकऱ्यानं रानाच्या टोकाला जाऊन बसायचं? चारचौघांत बरं दिसेल का ते?”

चारा तिकडेच होता, म्हणून बिचारी हरणी परत गेली.

एका सकाळी दरबार भरलेला असताना तिची किंकाळी ऐकू आली. रानकुत्र्यांनी पाडसाला सावरीजवळच्या ओढ्याच्या दरडीत कोंडले होते. “ड्यूक, पुढे व्हा!” सिंह गरजला. रानडुक्कर जागचे हलेना. “मी? महाराज, सर्वांत मोठ्यानं सर्वांत मागं राहायचं असतं. आधी बॅरनना पाठवा.” पोपटाला राहवेना. “अरे, ड्यूक म्हणजे मुळात सैन्याच्या पुढे चालणारा!” रानडुक्कर ओशाळले, पण ते भित्रे नव्हते. सुळे परजून ते सुसाट निघाले, मागोमाग सगळा दरबार. माकड तर फांद्यांवरून सर्वांच्या आधी पोहोचले आणि वरून सावरीच्या बोंडांचा मारा करू लागले. कुत्र्यांनी धूम ठोकली. पाडस वाचले. त्याच्या कानाचा एक तुकडा तेवढा गेला.

माकडाला हरणीकडे बघवेना. ते पोपटाला हळूच म्हणाले, “माझ्या किताबाचा अर्थ काय रे?”

“मार्क्विस म्हणजे सीमेवरचा रखवालदार,” पोपट म्हणाला. “शत्रू पहिल्यांदा त्याच्याच अंगावर यायचा. म्हणून तर तो अर्लपेक्षा मोठा.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“अर्थ कुणी विचारलाच नाही. जो तो नंबर विचारत होता.”

“म्हणजे मी सावरीवर होतो तेव्हा...”

“मार्क्विस होतास,” पोपट म्हणाला. “तिथून उतरलास आणि नुसतं माकड उरलास.”

सगळे खो खो हसले. माकडालाही हसू आवरेना, आणि हसता हसताच ते भराभर सावरीवर चढले.

तात्पर्य : मोठेपणाचे नाव कामामुळेच मिळालेले असते; नावाच्या नादात काम सोडले, तर मोठेपणही सुटते.