वळलेल्या वादळाचा बावटा

एका बंदरात धाकू नाखवा राहत असे. आकाशाकडे बघून तो वारा सांगे. बहुतेक वेळा बरोबर सांगे, म्हणून चुके तेव्हा त्याला कुणी टोकत नसे.

त्याच्या नव्या सुनेला, केशरला, मच्छीमार सोसायटीने एक काम दिलं. उपग्रहाने टिपलेलं ढगांचं चित्र आणि वेधशाळेचा इशारा तिच्या मोबाइलवर येई. वादळ बंदराकडे निघालेलं असलं की तिने जेटीवर लाल बावटा चढवायचा. बावटा चढला की एकही होडी सुटायची नाही, असा नियम होता.

पहिल्यांदा बावटा चढला आणि वादळ भर समुद्रातच वळलं. ऐन सुरमईच्या दिवसांत होड्या बसून राहिल्या, बर्फ फुकट वितळला. जेटीवरच्या बायका विचारू लागल्या, "काय गं केशर, पाव्हणा वाटेतूनच परत गेला वाटतं?"

केशरने बावटा उतरवून त्याची घडी घातली.

पुढच्याच पंधरवड्यात पुन्हा इशारा आला. चित्रात ढगांचा मोठा भोवरा, त्याच्या मधोमध काळा डोळा. बाहेर मात्र लख्ख ऊन आणि दर्या तेलासारखा. केशरचा नवरा होडीत जाळं भरत होता.

नाखवा म्हणाला, "सूनबाई, बावटा राहू दे. पुन्हा हसं झालं तर मला जेटीवर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

केशरला ते हसणं आत्ताच ऐकू येत होतं. पण होडीतली माणसंही दिसत होती.

"मामंजी, मासळी हेरायला तुम्ही डोलकाठीवर का चढता?"

"वरून लांबचं दिसतं म्हणून."

"मग हे त्याहून उंच काठीवरून दिसलंय. मागचं वादळ आपल्याला विचारून वळलं नाही. हे यायलाही विचारणार नाही."

आणि तिने दोरी ओढली.

नाखवा पुटपुटला. मग मुलावर ओरडला, "बघतोस काय? उतर खाली!"

दुसऱ्या दिवशी वादळ आलं. कौलं उडाली, बावट्याचा खांबही मोडला. माणूस मात्र एकही गेला नाही.

पुढच्या वर्षी नव्या खांबावर बावटा चढला आणि वादळ पुन्हा वळलं. बर्फ पुन्हा वितळला. सगळे नाखव्याच्या तोंडाकडे बघू लागले.

"वळलं?" नाखवा म्हणाला. "बरं झालं. सूनबाई, चहा टाक."

त्या चहात साखर जरा जास्तच पडली.

तात्पर्य: वादळ वळलं म्हणून इशारा खोटा ठरत नाही. हसं झालेलं परवडतं, बुडालेली होडी परवडत नाही.