तारीख घालून द्या

ब्याऐंशी वर्षांच्या भिमाक्कांची दाढ अर्धी तुटली. भाकरी चावायला तेवढीच बाजू उरली होती, म्हणून त्या लेकाला घेऊन दातांच्या दवाखान्यात दाढेवर कॅप बसवायला गेल्या. डॉक्टर राजाध्यक्ष त्यांच्याकडे न बघताच लेकाला म्हणाले, "कॅप पंधरा वर्षं टिकते हो. ह्यांचे दिवस किती उरलेत? काढून टाकू दाढ." लेकानं मान डोलावली. लगेच संमतीचा कागद आला, अंगठ्यासाठी शाईही आली.

भिमाक्कांनी कागद शेवटपर्यंत वाचला. "शाई ठेवा, पेन द्या. सही करते. पण आधी माझे दिवस किती उरलेत ते तुम्ही लिहा. तारीख घाला, खाली शिक्का मारा."

डॉक्टरांनी कागद बाजूला सारून कॅपचं माप घेतलं.

वाटेत लेकानं विचारलं, "आई, दुखतंय का गं?"

"दाढ नाही दुखत. तू मान डोलावलीस, ते दुखतंय."