फ्लोरीनचं एवढंसं घर

मूलद्रव्यं नुकतीच आपापल्या घरांत राहायला आली होती, तेव्हाची ही माझी, म्हणजे फ्लोरीनची, फजिती. इलेक्ट्रॉन पाहुणा आला की यजमानाने ऊब बाहेर सोडायची, अशी आमच्यात रीत. ज्याची ऊब जास्त, त्याला पहिला मान.

मी वरच्या मजल्यावर. खालच्या क्लोरीनला म्हणालो, "दादा, तू नुसता बघत राहा."

पाहुण्याला मी दारातूनच खेचलं. पण घर एवढंसं आणि आधीचे नऊजण दाटीवाटीने बसलेले. ते त्याला ढकलू लागले. थोडी ऊब ती धुसफूस मिटवण्यातच गेली.

क्लोरीन त्याच्याकडे आलेल्या पाहुण्याला फक्त म्हणाला, "या, बसा, जागा आहे."

मान त्याला मिळाला. खेचण्याबद्दल विचाराल, तर मी अजूनही छाती पुढे काढतो. पाहुणचाराचं मात्र खाली विचारा.