भिवराचा माग

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. तेव्हा राजाचे हुकूम बाजारात दवंडी पिटून सांगत, आणि ज्यांच्या कानावर ते पडत त्यांनी घरी जाऊन इतरांना सांगायचे, अशी रीत होती.

त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी मेंढपाळांचं आणि विणकरांचं एक गाव होतं. तिथे भिवरा नावाची एक बाई राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, म्हणून ती म्हाताऱ्या आईच्या घरी परत आली होती. भिवरा घोंगड्या विणायची. तिची घोंगडी अंगावर घेऊन मेंढपाळ दिवसभर पावसात उभा राहिला, तरी आतला सदरा कोरडा राही. चार गावांचे लोक तिच्या दारी येत.

माग तिने स्वतः उभा केला होता. पाच वर्षं दुसऱ्यांची लोकर पिंजली, तेव्हा कुठे चांगलं सागवान घेता आलं. मग पडवीत खड्डा खणला, माग बसवला आणि खड्ड्यात पाय सोडून ती विणायला बसली. त्या दिवशी तिने गल्लीत गूळ वाटला होता.

भिवराला एक थोरला भाऊ होता, मल्हारी. बोलायला गोड, दिसायला देखणा. आईचा त्याच्यावर फार जीव. घोड्यांचा व्यापार करतो म्हणून तो शहरात गेला आणि सावकाराकडून कर्ज काढून बसला. घोडे रोगाने मेले. सावकार तगादा लावू लागला, तेव्हा मल्हारी कुणालाही न सांगता मुलूख सोडून निघून गेला. कर्जाच्या कागदावर मात्र राहण्याचं ठिकाण म्हणून त्याने आईचं घर लिहून दिलं होतं.

एक दिवस राजाच्या कचेरीचा जासूद दारात आला. त्याने आईच्या हातात कागद ठेवला. "मल्हारीच्या नावचा आहे. कुणाकडून तरी वाचून घ्या," एवढं बोलून तो गेला.

घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. भिवरा म्हणाली, "आई, दे इकडे. पंतोजींकडून वाचून आणते."

"नको गं बाई," आई म्हणाली. "आज पंतोजींना कळेल, उद्या गावाला. माझ्या पोराचं नाव चव्हाट्यावर येईल." आणि तिने तो कागद तांदळाच्या मडक्यात खाली दडपला.

महिन्याने दुसरा कागद आला. त्यावर लाल शिक्का होता. आईने तोही दडपला.

"आई, हे असं किती दिवस चालणार?" भिवराने विचारलं.

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. कुणापाशी बोलू नकोस."

भिवरा गप्प बसली. इथे तिचंही चुकलं, हे सांगायलाच हवं. तो लाल शिक्का बघून हे साधं प्रकरण नाही, हे तिला कळलं होतं. पण आईची शपथ मोडवेना, आणि विणायचं कामही पुष्कळ होतं. आज विचारू, उद्या विचारू, असं करता करता दिवस गेले.

आता या राज्याचा कायदा काय होता, तेही ऐका. ज्याचं कर्ज, त्याच्याच वस्तूंवर जप्ती. घरच्या माणसाने बोलावल्याशिवाय जप्तीच्या लोकांनी उंबरा ओलांडायचा नाही. घरातली वस्तू दुसऱ्या कुणाची असेल, तर तसं सांगावं आणि एका शेजाऱ्याने साक्ष द्यावी. मग त्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही. दरवर्षी मोठ्या बाजारात याची दवंडी पिटत. पण आपल्या घरी कशाला जप्ती येते, असं म्हणून लोक बांगड्या आणि भांडी बघत पुढे जात. भिवरा आणि तिची आईही तशाच पुढे गेल्या होत्या.

पावसाळ्याआधीची गोष्ट. भिवरा लोकर आणायला डोंगरावरच्या वाडीत गेली होती. उन्हं वर आली तेव्हा घरासमोर एक बैलगाडी थांबली. गाडीतून जप्तीचा कारकून आणि दोन शिपाई उतरले. कारकून नियमाने वागणारा माणूस होता. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "मल्हारीच्या कर्जापायी आलो आहोत. घरात कोण आहे?"

आई दाराशी आली. तिने बाहेर पाहिलं. दोन घरं पलीकडे शेजारीण ठकूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली असती तर तिला सगळं दिसलं असतं.

"आत या, आत या," आई घाईघाईने म्हणाली. "दारात नका उभे राहू."

तिने त्यांना आत घेतलं आणि दाराला आतून कडी लावली.

घरात दोन मडकी, एक जातं, एक खाट. पडवीत माग. मागावर अर्धी विणलेली घोंगडी, आणि भिंतीशी तयार झालेल्या तीन घोंगड्यांची घडी.

"आजीबाई, हा माग कुणाचा?" कारकुनाने विचारलं.

आईने तांदळाच्या मडक्यावरचं झाकण घट्ट बसवलं.

कारकुनाने कागद खाली केला. "नीट ऐका. माग मल्हारीचा नसेल तर तसं सांगा. शेजारचं एक माणूस हाक मारून बोलवा. त्याने साक्ष दिली की मी मागाला हात लावणार नाही. सांगा, कुणाचा माग?"

आईने बंद दाराकडे पाहिलं. ठकूबाईला बोलवायचं, म्हणजे माझ्या मुलाने कर्ज बुडवलं आणि तो पळून गेला, हे तिला आपल्या तोंडाने सांगायचं.

"घरचाच आहे," ती म्हणाली.

"कर्जाच्या कागदावर मल्हारीचं ठिकाण हेच आहे, तेव्हा घरचा म्हणजे मल्हारीचा धरावा लागेल मला. हे तिसरं आणि शेवटचं विचारणं. दुसऱ्या कुणाचा आहे का?"

तिला समजलं नव्हतं असं नाही. तिला वाटलं, माग म्हणजे लाकूड. लाकूड पुन्हा मिळेल. माणसाचं गेलेलं नाव कुठून आणायचं? तिने मान खाली घातली.

कारकुनाने कागद पुन्हा वर घेतला. मग त्याने लिहिलं, शिक्का मारला आणि शिपायांना खूण केली. त्यांनी मागाच्या खुंट्या ठोकून काढल्या, लाकडं सोडवली. ते सामान बाहेर न्यायला कडी काढावीच लागली. दार सताड उघडलं, आणि भर उन्हात, सगळ्या गल्लीसमोर, भिवराचा माग गाडीत चढला. घोंगड्याही गेल्या.

भिवराला गाडी दिसली ती ओढ्याच्या वळणावर. आधी तिला काही उमगलं नाही. मग गाडीच्या मागे लोंबणारी अर्धवट घोंगडी दिसली, आणि तिने स्वतःच्या हाताची वीण ओळखली. डोक्यावरचं लोकरीचं गाठोडं रस्त्यात टाकून ती धावली आणि तिने गाडीचं चाक धरलं.

"हा माझा माग आहे! माझा आहे, मल्हारीचा नाही!"

कारकून खाली उतरला. "बाई, हे घरात सांगायला हवं होतं. शिक्का बसल्यावर माझ्या हातात काही उरत नाही. मी तीनदा विचारलं."

"मी घरी नव्हते."

"तुमची आई होती ना."

भिवराचे हात चाकावरून आपोआप सुटले. गाडी पुढे गेली.

ती घरी आली तेव्हा दारात बायामाणसं जमली होती. आई रिकाम्या खड्ड्याजवळ बसली होती. ठकूबाई तिच्याशेजारी टेकली होती आणि डोळे पुसत होती.

"वहिनी," ठकूबाई म्हणाली, "मल्हारीचं आम्हाला दोन वर्षांपासून ठाऊक होतं हो. शहरातून येणारा जो तो सांगायचा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी विषय काढला नाही. आणि हा माग कुणाचा, हे मला ठाऊक नव्हतं का? खड्ड्याची माती भिवराबरोबर मीच उपसली. एक हाक मारायची होती तुम्ही. नुसती एक हाक."

आईने पदर तोंडावर घेतला.

हळूहळू सगळे आपापल्या घरी गेले. भिवरा आईसमोर बसली. ती ओरडली नाही, रडलीही नाही. तिने फक्त विचारलं, "आई, त्यांनी तीनदा विचारलं. तुझ्या तोंडून एकदाही माझं नाव का निघालं नाही?"

"तुझं नाव घेतलं असतं तर त्याचं सांगावं लागलं असतं गं," आई म्हणाली.

भिवराने उठून चूल पेटवली आणि आईला पेज करून दिली.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा दुसऱ्यांची लोकर पिंजायला जाऊ लागली. पण आता वय उतरणीला लागलं होतं. पाच वर्षं राबून नवा माग उभा करायची ताकद हातांत राहिली नव्हती. पावसाळ्याच्या तोंडी मेंढपाळ आले, की ती सांगायची, "मी आता विणत नाही, बाबांनो." ते हळहळत आणि दुसरीकडे जात. माग कर्जापोटी शहरात सावकाराच्या वाड्यात गेला, पण तिथे विणायचं कुणालाच येत नव्हतं. मागाची लाकडं अंगणात पडून राहिली आणि एका हिवाळ्यात आंघोळीचं पाणी तापवायला जळून गेली. मल्हारी कधीच परतला नाही. यातलं काही त्याच्या कानावर गेलं की नाही, हेही कुणाला ठाऊक नाही.

आणि आई? त्या दिवसानंतर तिला एकच सवय लागली. पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर, दारावरून जाणाऱ्या अनोळखी वाटसरूलासुद्धा थांबवून ती म्हणायची, "तो माग माझ्या लेकीचा होता. भिवराचा. तिने स्वतः उभा केला होता." कुणी तिला खोटं पाडलं नाही. सगळे मान हलवत आणि आपल्या वाटेने जात. पुढे तिला माणसं ओळखू येईनाशी झाली, समोर बसलेली भिवराही. तरी ती तिचा हात धरून तेच सांगायची, "बाई, तो माग माझ्या भिवराचा होता बरं का."

"हो, आजी," भिवरा म्हणायची. "ठाऊक आहे मला."

दोन वर्षांनी म्हातारी गेली. शेवटपर्यंत ती रोज साक्ष देत राहिली. पण ऐकून लिहून घेणारा कारकून काही पुन्हा त्या दारात आला नाही.

तात्पर्य: एकाची लाज झाकण्यासाठी दुसऱ्याच्या कष्टांबद्दल गप्प राहू नये, जे खरं आहे ते वेळेवर आणि चारचौघांसमोर सांगावं.