भोरड्यांची ओंजळ

नेरगावच्या माळाला लागून हे जे रान दिसतं, कुसळी गवताचं आणि बोरी-हिवरांचं, ते पूर्वी शेत होतं यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. पायानं जरा उकरून बघा. खाली काळी, ज्वारीची माती लागेल. अशी माती पडीक ठेवणारं गाव एकतर वेडं असलं पाहिजे, नाहीतर फार पोचलेलं. नेरगाव दोन्ही आहे. ‘राखीव रान, शिकारीस मनाई’ ही पाटी सरकारनं लावली ती अलीकडे. तिच्या कितीतरी पिढ्या आधीपासून इथं कुणी नांगर घातलेला नाही. का, ते सांगायचं तर पुतळाचं सांगावं लागतं.

पुतळा ही या गावची लेक. दूरच्या गावी दिली होती, पण कपाळ लवकर फुटलं आणि ती माघारी आली, असं सांगतात. बाप मोठा खमक्या. त्यानं चार माणसांसमक्ष हे माळाकडचं शेत लेकीला चोळीबांगडीसाठी दिलं आणि वर सांगून ठेवलं, की ही जोवर याची राखण करील तोवर रान हिचं. राखण सुटली की सटवाजीचं. सटवाजी म्हणजे पुतळाचा धाकटा भाऊ. बाप गेला, शब्द मागं राहिला. सटवाजी काही वाईट माणूस नव्हता, पण बांधाला बांध लागून असलेलं बहिणीचं रान येता-जाता डोळ्यांत भरतंच की! पुतळाला ते कळत होतं. त्या रानाखेरीज आपलं म्हणावं असं तिच्याकडे काही नव्हतं. ते गेलं की भावाच्या दारची आश्रित. म्हणून ती राखण करायची ती अशी, की विचारू नका.

राखण म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला सांगायला हवं. थंडीत ज्वारी हुरड्यात आली, की दूरदेशाहून भोरड्या येतात. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची पाखरं. थवा उतरला की कणसं साफ. म्हणून शेतात चार खांबांवर माळा बांधायचा, त्यावर उभं राहून हाकारे घालायचे आणि गोफणीनं धोंडे भिरकावायचे. नेरगावची गोफण पंचक्रोशीत नावाजलेली, आणि नेरगावात पुतळाची. गावाला त्याचा भारी ताठा. एका साली म्हणे गावानं जोगाईपुढं नारळ फोडून पणच केला, की यंदा शिवारात एक भोरडी टेकू द्यायची नाही. सगळ्या माळ्यांवरून एकदम गोफणी सुटल्या, त्यात पुतळा सर्वांत पुढं. थवे उठले ते पुन्हा बसलेच नाहीत. गावानं गूळ वाटला.

पुढच्या साली भोरड्या आल्या नाहीत. आले ते टोळ. लोकांनी ताटं बडवली, धूर केला, गोफणीही फिरवल्या. टोळाला गोफण काय करणार, कपाळ! उभं शिवार सपाट झालं, आणि टोळ जाताना माळाच्या मातीत अंडी घालून गेले. गावानं ते वर्ष कण्या आणि रानभाजीवर काढलं.

त्याच्या पुढच्या साली कशीबशी ज्वारी उभी राहिली, हुरड्यात आली, आणि माळावर अंडी फुटली. टोळाची पिल्लं टुणटुण उड्या मारत शिवाराकडे सरकू लागली. त्यांना पंख फुटायचे होते, तोंडं फुटलेली होती. त्याच दिवसांत वरून भोरड्याही जायला लागल्या, पण उंचावरून. आणि गाव काय करत होतं? थवा जरा खाली झुकला की गोफण! खाणारा खालून येतोय आणि ही मंडळी वर बघताहेत. जित्याची खोड, दुसरं काय.

पुतळाचं रान माळाला चिकटून, त्यामुळे टोळाची पिल्लं आधी तिच्या बांधावर आली. ती माळ्यावर गोफण भरून उभी होती. एक भोरडी कशी कोण जाणे, बांधावर उतरली. पुतळानं हात उचलला, आणि तिला दिसलं, की पाखराच्या चोचीत दाणा नाही. टोळाचं पिल्लू आहे, पाय झाडतंय. भोरडीनं ते गिळलं आणि दुसरं टिपलं. पुतळाचा हात वरच राहिला. आपणच यांना हाकललं, हे तिला त्या घटकेला कळलं. ती खाली उतरली आणि तिनं आपला माळा आपल्याच हातानं मोडला, असं सांगतात.

माळा मोडला म्हणजे राखण सुटली. सटवाजी धावत आला.

“अक्का, ह्ये काय आरंभलंस? आबांचा शबुद ठावं हाय न्हवं?”

“ठावं हाय.”

“रान जाईल तुझं!”

“जाऊ दे. तुलाच मिळंल. पर गावाच्या तोंडात घास तरी पडंल.”

गाव चावडीवर जमलं. पुतळानं एवढंच मागितलं, की ज्वारीची काढणी होईपर्यंत कुणी गोफण उचलू नये. एकच कल्ला झाला. बाई बिथरली, म्हणाले. पाटलानं मिशीत हसत विचारलं, “आन ह्या भोरड्या तुझ्या कोण लागत्यात गं?”

“लेकी लागत्यात,” पुतळा म्हणाली. “चार दिस म्हायेराला येत्यात, खात्यात, माघारी जात्यात. म्हायेराला आल्याल्या लेकीला कुणी धोंडं मारतंय का, पाटील?”

पाटलाची स्वतःची लेक त्या दिवसांत माहेरी आलेली होती. गोफणी खुंटीला लागल्या.

दुसऱ्या दिवशी आभाळ झाकोळलं आणि सगळा थवा पुतळाच्या रानात उतरला. तिथं ना माळा, ना हाकारा. पाखरांनी आधी तिची कणसं झाडली. पुतळा बांधावर बसून रडली म्हणे. आनंदानं रडली, असं काही जण सांगतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. उभं पीक डोळ्यांदेखत जाताना कुणी आनंदानं रडत नाही. मग तिथून थवे माळभर पसरले आणि त्यांनी टोळाचं नख शिल्लक ठेवलं नाही. गावाची ज्वारी खळ्यावर आली. पुतळाच्या वाट्याला नुसता कडबा.

पण शब्द तो शब्द. रान सटवाजीचं झालं. पुतळानं तक्रार केली नाही, भावाच्या ओसरीवर येऊन राहिली. सटवाजीची कणगी भरली होती, पण घास गिळेना. सरळ सांगायचं तर त्याला लाज वाटली. त्याची बायको भागा त्याला बोलली, असंही म्हणतात, की दिवाळीला बहिणीला लुगडं नेसवता आणि रान काढून घेता, शोभतं का? हे बायका सांगतात. पुरुष सांगतात, त्याचं त्यालाच सुचलं. ज्याला जे खरं मानायचं ते त्यानं मानावं.

नांगरटीच्या दिवशी गाव बघायला जमलं, तर सटवाजी बैल न आणता पाण्याचा तांब्या घेऊन आला. “रान माझं झालंय,” तो म्हणाला. “ते म्या भोरड्यांस्नी दिलं. हितं नांगर न्हाई, गोफण न्हाई.” दान द्यायचं तर पाणी सोडावं लागतं, आणि पाणी घ्यायला समोर ओंजळ लागते. पाखरांची ओंजळ आणायची कुठून? मग पुतळा पुढं झाली. तिनं भोरड्यांच्या वतीनं ओंजळ धरली आणि भावानं तीत पाणी सोडलं. “राखण मातुर तुझीच, अक्का,” सटवाजी म्हणाला, “आता मानसांपासनं.” मरेपर्यंत ती या रानाच्या कडेला खोपटात राहिली आणि तिनं ती केली. सावज हेरत येणाऱ्यांना तिची गोफण चांगलीच ओळखीची होती म्हणे.

आजही भोरड्यांचा पहिला थवा उतरला, की नेरगावच्या सासुरवाशिणींना सांगावा जातो. पूर्वी माणूस जायचा, आता फोन जातो. लेकी येतात, बांधावर ओळीनं उभ्या राहतात, पाखरांच्या वतीनं ओंजळ धरतात, आणि जिचा तिचा भाऊ तीत पाणी सोडतो. त्यांत असेही भाऊ असतात, ज्यांनी तालुक्याला नेऊन बहिणीकडून वडिलांच्या जमिनीवरची हक्कसोड लिहून घेतलेली असते. त्यांनाही यावं लागतं. न येणाऱ्याला गाव जाब विचारतं. तांब्या कलता करताना त्यांची मान वर होत नाही. बहिणी मात्र ओंजळ घट्ट धरतात, आणि पाणी खाली सांडू देत नाहीत.