झुबकी आणि पाणी गाळायचं फडकं

तू कधी फडक्याचा झोका केलास का?

झुबकीने केला. झुबकी म्हणजे एवढीशी खार. फडकं होतं माठावरचं, पाणी गाळायचं. झोका गेला वर. झोका आला खाली. टर्रर्र. फडक्याला पडलं भोक.

खेळून झुबकीला लागली तहान. तिने तळ्यावरून इवली कळशी भरून आणली. पाण्यात बारीक बारीक किडे. वळवळ, वळवळ.

आई म्हणाली, "गाळल्याशिवाय थेंबही नाही. किडे पोटात गेले की पोट दुखतं."

झुबकी फडकं घेऊन निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली शिंप्याकडे.

"शिंपीदादा, शिंपीदादा, झोका खेळताना फाटलं, फडकं शीव. फडकं गाळेल पाणी, पाणी पिईन मी, गटागटा."

शिंपीदादा म्हणाला, "झोका खेळताना मी आठवलो नाही वाटतं. दोरा आण, मग शिवतो."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली सूत कातणाऱ्या टकळीकडे.

"टकळीबाई, टकळीबाई, दोरा दे. दोरा शिंप्याला, शिंपी शिवेल फडकं, फडकं गाळेल पाणी, पाणी पिईन मी, गटागटा."

टकळीबाई म्हणाली, "कापूस आण, मग दोरा देते."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली शेतात कपाशीकडे.

"कपाशीताई, कपाशीताई, कापूस दे. कापूस टकळीला, टकळी देईल दोरा, दोरा शिंप्याला, शिंपी शिवेल फडकं, फडकं गाळेल पाणी, पाणी पिईन मी, गटागटा."

कपाशी मान टाकून उभी होती. म्हणाली, "मलाच तहान लागलीये. पाणी आण, मग कापूस देते."

झुबकीचे डोळे भरून आले. घरी कळशीभर पाणी आहे, पण त्यात किडे आहेत, असं तिने हळूच सांगितलं.

कपाशी हसली. "अगं, मला पोट कुठंय दुखायला? आण तेच. माझं पाणी माती गाळते."

टुणुक टुणुक झुबकी घरी. टुणुक टुणुक परत. कळशी ओतली मुळाशी. बुडबुड, बुडबुड. कपाशीने मान वर केली.

मग कपाशीने दिला कापूस. टकळीने काढला दोरा, गरगर गरगर. शिंप्याने शिवलं फडकं, सुई आत, सुई बाहेर. चांगलं चार पदरी शिवलं. फडकं बसलं माठावर. झुबकीने तळ्यावरून पुन्हा कळशी भरून आणली, ओतली. ठिबक, ठिबक. किडे राहिले वर. पाणी गेलं खाली.

आणि झुबकी पाणी प्याली. गटागटा, गटागटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुबकीने वडाच्या पारंबीचा झोका केला. फडकं माठावरच होतं.