डोंगऱ्या हत्ती आणि खड्यांचे ढीग

तुमच्या-माझ्या खापरपणज्याच्याही आधीची गोष्ट. एका उंच गडावर एकच तळं होतं. त्यातून चार पाट निघायचे. एक मुदपाकखान्याला, एक बागेला, एक हत्तीखान्याला आणि एक राजवाड्याला.

एका वर्षी काय झालं, पाऊस बेताचाच पडला आणि उन्हाळा निम्माही सरला नाही तोच तळ्याचा तळ दिसू लागला! गडावर नुसता कल्लोळ.

"तो डोंगऱ्या हत्तीच पितो सगळं!" आचारी ओरडला. माळ्यानंही री ओढली. झालं! राजानं हुकूम सोडला, "परवा सकाळी डोंगऱ्याला जंगलात सोडून या."

माहुताच्या पायांखालची जमीनच सरकली. डोंगऱ्याला त्यानं पिल्लू असल्यापासून वाढवलेलं. आता म्हातारपणी तो जंगलात चार दिवस तरी जगेल का? माहूत तळ्याकाठी बसून ढसाढसा रडला.

तेवढ्यात तळ्यातलं जुनं कासव वर आलं. "अरे, रडतोस काय? राजाला म्हणावं, चारही पाटांवर माणसं बसवा. पाणी घागरीनं मोजूनच पुढं सोडा, एक घागर गेली की एक खडा टाका. मोजल्याशिवाय कसला आलाय न्याय!"

माहुतानं राजाचे पाय धरले. राजा कुरकुरला, पण कबूल झाला.

आणि काय सांगू मंडळी, दुसऱ्या दिवशी सगळा गड पाटांवर लोटला! टप, टप, टप, खडे पडू लागले. संध्याकाळी बघतात तर मुदपाकखान्याची अर्धी टोपली, बागेची एक, हत्तीच्या दोन. आणि राजवाड्याच्या? अबब! दहा टोपल्या!

"माझ्या वाड्यात एवढं पाणी पितं कोण?" राजा गरजला.

कारंजेवाला पुढं आला. "वाड्यामागचं कारंजं, महाराज. ते क्षणभरही थांबता कामा नये, असं सात वर्षांपूर्वी आपणच फर्मावलं होतं. पुढं आपण तिकडं फिरकला नाहीत, पण हुकूम तसाच राहिला."

राजा ओशाळला. कारंज्याची वाट त्यानं स्वतःच्या हातांनी बुजवली. मग प्रत्येक पाटाच्या तोंडाशी भोक पाडलेली शिळा बसवली, ज्याची जेवढी गरज तेवढंच भोक. खडे मात्र रोज मोजायचे ठरले.

सगळ्यांत मोठं भोक कुणाला मिळालं? आपल्या डोंगऱ्याला! आनंदानं त्यानं सोंडभर पाणी राजावरच उडवलं.

"त्याचाही खडा टाका रे!" कासव ओरडलं, आणि चिंब भिजलेला राजा पोट धरधरून हसला. त्या वर्षी तळं पाऊस येईपर्यंत पुरलं.

म्हणून म्हणतो, बोट दाखवण्याआधी मोजून बघावं, आणि ज्याला त्याला गरजेपुरतंच द्यावं.